माणसाला विश्व कधी पूर्ण कळेल का?

ध्रुवमत्स्य · शुक्रवार, रात्री १०.४०

कृष्णविवरांच्या धाग्यावर शेवटी शेवटी चर्चा भलतीकडेच वळली आणि "विज्ञानाला विश्वाचं ५ टक्केच कळलंय, बाकीचं ९५ टक्के कधी कळणारच नाही" असं दोघा-तिघांनी लिहिलं. तिथे उत्तर देत बसले असते तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आधी तो ५ टक्क्यांचा आकडा निकालात काढू. प्लांक उपग्रहाच्या मोजमापांनुसार विश्वाच्या एकूण ऊर्जेत आपल्या ओळखीचं द्रव्य, म्हणजे तारे, वायू, धूळ आणि तुम्ही-आम्ही, साधारण ५ टक्के आहे. कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य) २७ टक्क्यांच्या आसपास आणि कृष्णऊर्जा (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी) ६८ टक्क्यांच्या. ही विश्वातल्या मालमत्तेची वाटणी झाली, आपल्या ज्ञानाची नाही. कृष्णद्रव्य कशाचं बनलंय ते कुणालाच ठाऊक नाही, हे खरं. पण ते किती आहे, कुठे साचलंय, दीर्घिकांना (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांना) कसं धरून ठेवतं, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

आता मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: विश्व पूर्ण कधीच कळणार नाही. मात्र माणसाची बुद्धी तोकडी पडते म्हणून नाही. जे कळायला हवं त्याची बातमीच आपल्यापर्यंत येत नाही, म्हणून.

विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. आज आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची सीमा आपल्यापासून सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. त्यापलीकडेही विश्व आहे, किती आहे ते माहीत नाही, अनंतही असेल. त्याहून मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय. त्यामुळे आज सुमारे १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता, या क्षणी निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. कितीही थांबलं तरी नाही. दिसणाऱ्या विश्वाचं नव्वद टक्क्यांहून जास्त आकारमान या रेषेपलीकडे आहे. तिथल्या दीर्घिका आपल्याला दिसतात, पण दिसतं ते त्यांचं बालपण. पुढे त्या अधिकाधिक लाल आणि मंद होत जातील, आणि त्यांच्या इतिहासातला एक क्षण असा येईल की त्यानंतरचं काहीही आपल्याला दिसणार नाही.

लॉरेन्स क्राउस आणि रॉबर्ट शेरर या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यावर एक निबंध लिहिला होता. साधारण १०० अब्ज वर्षांनी इथल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली एक विलीन झालेली दीर्घिका सोडली तर बाकी काहीच दिसणार नाही. इतर दीर्घिका क्षितिजापलीकडे गेलेल्या असतील आणि महास्फोटाची सूक्ष्मलहरींची खूण, म्हणजे त्या काळचा उरलेला प्रकाश, मोजण्यापलीकडे विरलेली असेल. तो शास्त्रज्ञ अत्यंत हुशार असेल, त्याची उपकरणं आपल्यापेक्षा सरस असतील, त्याच्या पद्धतीत काही खोट नसेल. तरी त्याचा निष्कर्ष निघेल की विश्व म्हणजे स्थिर पोकळीतलं एकच बेट. त्याचा पुरावाच गेलेला असेल. मग आपल्या आधीही काही पुसलं गेलं नसेल कशावरून? मला हा प्रश्न सोडत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

चहाबिस्किट · शुक्रवार, रात्री ११.१५

छान धागा. एक अडतंय. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, तर सीमा ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर कशी? प्रकाश १३.८ अब्ज वर्षांत तेवढंच अंतर कापणार ना?

ध्रुवमत्स्य · शुक्रवार, रात्री ११.३८

@चहाबिस्किट, प्रकाश वाटेत असताना वाटच ताणली गेली. आपल्याला दिसणारा सर्वांत जुना प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी निघाला. तो जिथून निघाला ती जागा त्या वेळी आपल्या जागेपासून जेमतेम ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर होती. तेव्हापासून अवकाश सुमारे ११०० पट ताणलं गेलं, म्हणून तीच जागा आज ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. सोबत तो प्रकाशही ताणला गेला: तेव्हा सुमारे ३००० केल्विन तापमानाचा होता, आज २.७ केल्विनचा आहे.

तळकोकणी · शनिवार, सकाळी ७.०५

लेख आवडला, पण "कधीच नाही" या शब्दांना माझा विरोध आहे. विज्ञानाच्या इतिहासात या शब्दांची फार वाईट गत झालेली आहे.

ऑग्युस्त कोंत हे फ्रेंच तत्त्वज्ञ. १८३५ मध्ये त्यांनी लिहिलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनलेत हे कळायला काहीही मार्ग नाही. माणूस हलक्या बुद्धीचा नव्हता आणि त्या काळी युक्तिवादही बिनतोड होता. ताऱ्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणता येत नाही, मग रासायनिक परीक्षा करायची कशी? कोंत १८५७ मध्ये वारले. १८५९ मध्ये हायडेलबर्गला किरशॉफ आणि बुनसेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्य तापवलं की वर्णपटात (प्रकाशातले रंग सुटे केले की दिसणाऱ्या पट्ट्यात) ठरावीक जागी रेषा उमटवतं. मानहाइम शहरात आग लागली होती तेव्हा या दोघांनी हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम ओळखलं, असं सांगतात. इतक्या लांबून आगीत काय जळतंय ते कळतं, तर सूर्यात काय आहे ते का कळू नये?

गंमत बघा, ती माहिती कोंत यांच्या हयातीतही प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशातून रोज त्यांच्या डोळ्यांत शिरत होती. फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा १८१४ मध्येच नोंदवलेल्या होत्या. त्या वाचायच्या कशा, तेवढंच माहीत नव्हतं. ध्रुवमत्स्य म्हणतात की बातमी येतच नाही. मी म्हणतो, ती आलेली असेल आणि आपण तिला गोंगाट समजत असू.

रानवाटा · शनिवार, सकाळी ९.२०

@तळकोकणी, सूर्याच्या वर्णपटाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असं तिथे गेल्यावर ऐकलं होतं. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. हे कितपत खरं?

तळकोकणी · शनिवार, सकाळी १०.१०

दोन वेगवेगळी ग्रहणं एकात मिसळली गेली आहेत.

१८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या देशावरून गेली. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते, इंग्रजांचे कॅप्टन हेग विजापूरला आणि लेफ्टनंट जॉन हर्षेल जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, त्यांत एक पिवळी होती. ती सोडियमची असणार असा आधी समज झाला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ला त्यांनी ग्रहण नसतानाच ती रेषा पाहिली आणि पुढे ती सोडियमच्या जागेवर बसत नाही असं ठरलं. पृथ्वीवर कुणाला माहीत नसलेलं मूलद्रव्य आधी सूर्यात सापडलं, तेच हेलियम! पृथ्वीवर ते रॅमसे यांना १८९५ मध्ये एका युरेनियमच्या खनिजात मिळालं.

लॉकियर विजयदुर्गाला आले हे खरंच आहे, पण २२ जानेवारी १८९८च्या खग्रासासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण आणि वर्णपटमापक घेऊन जेऊरला गेले होते. तेही तितकंच अभिमानाने सांगायला हवं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

गणिती · शनिवार, दुपारी १२.३०

दोघांचंही वाचलं. मला वाटतं, ही चर्चा गोडेल या तर्कशास्त्रज्ञाशिवाय अपुरी आहे. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्जबर्गला जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांनी भाषणात ठणकावलं की आपल्याला कळलंच पाहिजे आणि कळेलच. पुढे हेच शब्द त्यांच्या समाधीवर कोरले गेले. आणि त्या भाषणाच्या आदल्याच दिवशी, त्याच शहरातल्या एका परिषदेत, २४ वर्षांच्या कुर्ट गोडेल यांनी हळूच सांगून टाकलं होतं की गणितात काही विधानं खरी असूनही सिद्ध करता येत नाहीत. १९३१ मध्ये त्यांचा निबंध आला. गणितच पूर्ण होत नसेल, तर गणिताच्या भाषेत लिहिलेलं विश्व पूर्ण कसं कळेल?

निळावंती · शनिवार, दुपारी २.०५

@गणिती, हा युक्तिवाद फार ठिकाणी वाचलाय आणि तो मला पटत नाही. गोडेलचं प्रमेय सांगतं की नियमांच्या ठरावीक संचातून सगळी सत्यं निघत नाहीत. पण भौतिकीत आपण नियमांतून सत्यं काढत बसत नाही. नियमच शोधायचे असतात, आणि त्यासाठी निसर्गाला प्रश्न विचारायची सोय आहे, प्रयोग करून. बुद्धिबळाचे नियम एका कागदावर मावतात, तरी सगळे डाव कुणी खेळून पाहिलेले नाहीत. त्यावरून नियम अपुरे कळलेत असं कुणी म्हणत नाही.

गणिती · शनिवार, दुपारी ३.५०

चांगला मुद्दा आहे. पण नियम हातात आल्यावरही त्यांतून उत्तर निघेल याची हमी नाही, आणि हे आता नुसतं तत्त्वज्ञान राहिलेलं नाही. २०१५ मध्ये क्युबिट, पेरेझ-गार्सिया आणि वोल्फ यांनी सिद्ध केलं की अणूंच्या एका द्विमितीय जाळीचे सगळे नियम दिले, तरी तिच्या सर्वांत खालच्या आणि त्यावरच्या ऊर्जापातळीत फट, म्हणजे ऊर्जेचं अंतर, आहे की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवू शकेल अशी कोणतीही सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. जाळी अनंत मोठी धरलेली आहे, हे मान्य. प्रत्यक्षातला तुकडा सान्त असतो आणि त्याचं गणित निदान तत्त्वतः करता येतं. तरी मर्यादा भौतिकीच्या अंगणात आली, एवढं तरी मानायला हवं.

सूर्यमालेचंच घ्या. गुरुत्वाकर्षणाचे नियम आपल्याला पाठ आहेत. फ्रान्सच्या जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आतल्या ग्रहांच्या कक्षा गोंधळी स्वरूपाच्या आहेत. पृथ्वीची आजची जागा सांगताना १५ मीटरची चूक झाली, तर १ कोटी वर्षांनी ती चूक सुमारे १५० मीटरची होते. आणि १० कोटी वर्षांनी १५ कोटी किलोमीटरची, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढी! नियम पूर्ण कळले, पण तेव्हा पृथ्वी कक्षेत कुठे असेल ते सांगता येणार नाही.

साधासरळ · शनिवार, सायंकाळी ६.१५

मी विज्ञानाचा माणूस नाही, पण सगळे प्रतिसाद वाचले. आपल्याकडे नासदीय सूक्तात हीच शंका हजारो वर्षांपूर्वी मांडली आहे, सृष्टी कुठून झाली हे तिच्या अध्यक्षालाही माहीत असेल किंवा नसेल अशी. बाहेरचं विश्व पूर्ण कळणार नाही म्हणूनच ऋषिमुनी आत वळले, असं मला वाटतं.

निळावंती · शनिवार, सायंकाळी ७.००

@साधासरळ, सूक्त मलाही फार प्रिय आहे, कारण ते शंकेवर थांबतं आणि घाईने उत्तर देत नाही. पण बाहेरचं कळणार नाही म्हणून आत वळायचं, हे त्या सूक्तात नाही. तो प्रश्न बाहेरच्या सृष्टीबद्दलच आहे आणि तो आजही उघडा आहे.

डोंबिवलीकर_डलासमध्ये · रविवार, पहाटे ४.३०

तळकोकणींच्या "बातमी आलेली असेल, वाचता येत नाही" या मुद्द्याला एक आजचं उदाहरण देतो.

महास्फोटाच्या ३,८०,००० वर्षांनंतर विश्व पारदर्शक झालं, पण तारे पेटायला अजून खूप वेळ होता. या काळोख्या युगात सगळीकडे हायड्रोजन होता, आणि हायड्रोजन २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो आणि शोषतो. त्या ताणल्या जाऊन आज काही मीटर लांबीच्या झालेल्या असतात. म्हणजे त्या युगाची बातमी आपल्या डोक्यावरून रोज जातेय. पण आपल्याच दीर्घिकेचा रेडिओ गोंगाट तिच्यापेक्षा हजारो पटींनी मोठा, त्यात एफएम स्टेशनं आणि वर आयनांबर (रेडिओ लहरी वळवणारा वातावरणाचा वरचा थर).

२०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस नावाच्या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झपाशी पहिल्या ताऱ्यांची खूण सापडल्याचं जाहीर केलं. खूण अपेक्षेपेक्षा दुपटीहून खोल होती. जगभर नवीन भौतिकीच्या चर्चा सुरू झाल्या. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचा सारस नावाचा प्रयोग याच मागावर होता. त्यांची अडचण अशी की अँटेनाखालची जमीन एकसारखी नसते. माती, मुरूम, खडक, ओल, प्रत्येक थरावरून लहरी वेगळ्या परततात आणि मोजमापात खोट्या खुणा उमटवतात. पाणी मात्र खोलवर एकसारखं असतं. म्हणून २०२०च्या सुरुवातीला या मंडळींनी अँटेना तराफ्यावर बसवून कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात सोडली. वस्तीपासून दूर, एफएमचा त्रास कमी अशा जागा शोधून. २०२२ मध्ये निकाल आला: एजेसला दिसलेली ती खूण आमच्या मोजमापात नाही, ९५ टक्क्यांहून जास्त खात्रीने.

म्हणजे खरी खूण अजून सापडायचीच आहे. पण ती सापडणारच नाही असं म्हणायला एकही कारण मला दिसत नाही. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीचा रेडिओ गोंगाट पोचत नाही, चंद्रच तो अडवतो, आणि तिथे अशी उपकरणं पाठवायच्या योजना आखल्या जात आहेत.

सातारी · रविवार, सकाळी ८.४५

वाह! तराफ्याचं माहीत नव्हतं. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही याच २१ सेंटीमीटरच्या रेषेवर मोठं काम केलंय. २०२३ च्या जानेवारीत बातमी होती: ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेला सिग्नल पकडला. लांबी २१ची ४८ सेंटीमीटर झालेली. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो भिंगासारखा सुमारे ३० पट मोठा केला, म्हणून हाती आला. नारायणगावच्या शेतांमधून त्या ४५ मीटरच्या तबकड्या बघताना पत्रे न दिसता पातळ तारांची जाळी दिसते. वारा आरपार जातो, वजन कमी आणि खर्चही कमी. गोविंद स्वरूपांची ही कल्पना.

चहाबिस्किट · रविवार, सकाळी ११.१०

औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणाने) महास्फोटानंतरचे पहिले क्षण दिसतील का? गुरुत्वीय लहरींना तर काही अडवत नाही ना?

निळावंती · रविवार, दुपारी १२.००

अडवत नाही, हे बरोबर. पहिली ३,८०,००० वर्षं प्रकाशाला अडवणारा तो धूसर पडदा त्यांच्यासाठी नाहीच. पण लायगो ज्या कंपनसंख्येला ऐकतं तिथे त्या आदिम लहरी फारच क्षीण असणार. हिंगोलीचं उपकरण मुख्यतः कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी, आणि त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या, यासाठी.

ध्रुवमत्स्य · रविवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. कोंत आणि तराफा, दोन्ही मला मान्य. उपकरणांच्या आणि युक्तीच्या मर्यादेला "कधीच नाही" म्हणू नये, हे पटलं. पण माझा मुद्दा त्या प्रकारच्या मर्यादेचा नाही, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवते.

सूक्ष्मलहरींच्या त्या जुन्या प्रकाशात सगळीकडे तापमान जवळजवळ सारखं आहे, फरक आहे तो लाखात एक भाग. हे फरक लहान-मोठ्या ठिपक्यांत विभागून अभ्यासतात. सिद्धान्त सांगतो की अमुक आकाराच्या ठिपक्यांत सरासरी इतका फरक असायला हवा. हा सरासरीचा अंदाज आहे. अशी पुष्कळ विश्वं घेतली तर सरासरी इतकी येईल, असा. आपल्याकडे विश्व एकच. अगदी लहान ठिपके आकाशात हजारो असतात, त्यांची सरासरी छान निघते. सर्वांत मोठे, आकाशात सुमारे ९० अंशांवर पसरलेले जे चढउतार आहेत, त्यांचे सगळे मिळून फक्त ५ स्वतंत्र आकडे असतात. पाचच. ५ आकड्यांवरून सरासरीत अटळपणे सुमारे ६३ टक्क्यांची अनिश्चितता राहते. लहान ठिपक्यांत हीच अनिश्चितता ३ टक्क्यांपर्यंत खाली येते.

आता गंमत अशी की कोबी, डब्ल्यूमॅप आणि प्लांक, तिन्ही उपग्रहांना हा सर्वांत मोठ्या आकाराचा चढउतार अपेक्षेपेक्षा कमी आढळला. सिद्धान्तात काही चुकतंय, की आपल्या वाट्याला आलेलं विश्वच योगायोगाने तसं आहे? प्लांकपेक्षा हजारपट चांगला उपग्रह पाठवला तरी ते ५ आकडे तेच राहतील, कारण ते आधीच पुरेसे अचूक मोजलेले आहेत. सहावा आकडा आकाशात नाही. इथे वाचायची युक्ती कमी पडत नाही, मजकूरच तेवढा आहे. याला मी कधीच न कळणारं म्हणते.

तळकोकणी · सोमवार, सकाळी ७.४०

उदाहरण जबरदस्त आहे. पण तिथेही एक फट आहे!

१९९७ मध्ये कमियोन्कोव्स्की आणि लोएब यांनी सुचवलं की दूरच्या दीर्घिकासमूहांना आरसा म्हणून वापरा. समूहातल्या तप्त वायूतले इलेक्ट्रॉन तो जुना प्रकाश विखुरतात आणि त्याला किंचित ध्रुवीकरण येतं (त्याच्या लहरी एका ठरावीक दिशेत जास्त कंप पावतात). किती आणि कोणत्या दिशेने, हे त्या समूहाच्या जागेवरून, त्या काळी, आकाशातला तोच मोठा चढउतार कसा दिसत होता यावर ठरतं. म्हणजे ८-१० अब्ज प्रकाशवर्षांवरच्या समूहाचं ध्रुवीकरण मोजलं, तर तिथे उभं राहून आकाश बघितल्यासारखं होईल. तिथून दिसणारं आकाश आपल्यापेक्षा वेगळं. सहावा आकडा, सातवा आकडा! सिग्नल इतका बारीक आहे की अजून मोजला गेलेला नाही, हे मान्य.

ध्रुवमत्स्य · सोमवार, रात्री १०.१५

@तळकोकणी, हे फार सुंदर आहे. दिवसभर त्यावरच विचार केला.

पण मिळकत किती ते बघू. जवळच्या समूहांवरून दिसणारं आकाश जवळजवळ आपलंच असतं, तिथून नवीन काही मिळत नाही. दूरच्यांवरून वेगळं दिसतं, पण त्यांचा जो प्रकाश आपल्याकडे येतो तो जुना आहे. त्या वेळचं त्यांचं क्षितिज आजच्या आपल्या क्षितिजाच्या आतच होतं. त्यामुळे सगळे समूह मिळून आपल्याला दिसणाऱ्या विश्वाच्या गोलाच्या आतल्या भागाची माहिती देतात, गोलाबाहेरची नाही. ५चे काही अधिक आकडे होतील, ती अनिश्चितता ६३ टक्क्यांवरून बरीच खाली येईल, पण शून्यावर येणार नाही.

तरीही १९९७च्या आधी मला कुणी विचारलं असतं तर मी ५ म्हणजे ५च म्हणाले असते. तेव्हा आता माझं म्हणणं असं मांडते: गोलाबाहेरचं कळणार नाही यावर मी ठाम आहे. गोलाच्या आतल्या कुठल्याही एका गोष्टीवर बोट ठेवून "ही कधीच कळणार नाही" म्हणायला मात्र मी यापुढे धजणार नाही. निळावंती, तुमचं यावर काय मत? आणि @गणिती, ती फट असलेली-नसलेली जाळी सान्त तुकड्यांवर मोजून काही अंदाज बांधता येतो का, त्यावर एक स्वतंत्र धागा काढाल का?

गणिती · मंगळवार, सकाळी ६.५०

काढतो, या आठवड्यातच. थोडक्यात सांगायचं तर तिथेही अडचण आहे: तुकडा वाढवत नेताना फट बराच काळ एकसारखी वागते आणि मग एका आकाराला अचानक स्वभाव बदलू शकतो. तो आकार किती हे आधी सांगता येत नाही. आकृत्यांसकट लिहितो.